दुपारच्या झोपेची खोली: कोथरूडमधील एका घरगुती पाळणाघराचा अनुभव

कोथरूडच्या डहाणूकर कॉलनीत तळमजल्यावरच्या एका सदनिकेत चालणाऱ्या पाळणाघरात आमची मुलगी गेले अकरा महिने जात आहे. पाळणाघराला पाटी नाही, जाहिरात नाही. आसपासचे लोक ते चालवणाऱ्या काकूंच्या नावानेच ओळखतात, आणि ते त्यांचे राहते घर असल्यामुळे नाव येथे देत नाही. पाळणाघरातले जेवण, स्वच्छता, खेळणी आणि बडबडगीते यांविषयी पालक एकमेकांना भरभरून सांगतात, पण मुलांना दुपारी कसे झोपवले जाते, हे फारसे कोणी विचारत नाही. मीही सुरुवातीला विचारले नव्हते. आता कोणी माझ्याकडे पाळणाघराची चौकशी केली, तर मी आधी झोपेच्या खोलीविषयीच बोलते, आणि हा अभिप्रायही मुख्यतः त्याच खोलीविषयी आहे.

माझी २६ आठवड्यांची प्रसूती रजा संपली तेव्हा घराजवळचे एक पाळणाघर आम्ही घाईने ठरवले. तिथे एकाच डबलबेडवर चार बाळे झोपवलेली असत, पडू नयेत म्हणून कडेने उशा आणि लोड लावलेले असत, आणि एका कोपऱ्यात झोळी बांधलेली होती. आठव्या दिवशी मी कामावरून लवकर परतले, तर आमची मुलगी जाड, मऊ गादीवर पालथी झोपली होती. नाक गादीत रुतलेले, केस घामाने चिंब, आणि सांभाळणाऱ्या ताई दार ओढून स्वयंपाकघरात. ‘पालथं घातलं की शांत झोपते हो,’ असे त्यांनी मला अगदी मनापासून सांगितले. त्यांच्या मनात वाईट काहीच नव्हते, आणि त्यामुळेच मला जास्त भीती वाटली. दुसऱ्या दिवसापासून मुलीला तिथे पाठवले नाही.

बाळाला उताणे झोपवावे, हे आता बालरोगतज्ज्ञ एकमुखाने सांगतात. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडिअ‍ॅट्रिक्स या संस्थेने १९९२ मध्ये पालथे झोपवू नये अशी शिफारस केली, १९९४ मध्ये तिथे त्यासाठी मोठी मोहीम सुरू झाली, आणि त्यानंतरच्या काळात झोपेत अचानक होणाऱ्या बालमृत्यूंचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. पाळणाघराच्या दृष्टीने त्यातली एक गोष्ट फार महत्त्वाची आहे: ज्या बाळाला घरी उताणे झोपायची सवय आहे, त्याला दुसऱ्या कोणी अचानक पालथे झोपवले, तर धोका आणखी वाढतो. म्हणजे आईने घरी सगळे नीट केले तरी सांभाळणाऱ्या व्यक्तीला ते ठाऊक असावेच लागते. उताणे बाळ दूध ओकले तर ते घशात अडकेल, ही भीती आपल्याकडे घरोघरी असते. प्रत्यक्षात बाळ उताणे असताना श्वासनलिका वर आणि अन्ननलिका खाली असते, त्यामुळे वर आलेले दूध श्वासनलिकेत शिरणे उलट अवघड होते. पालथे असताना हीच रचना फिरते.

काकूंना मी हे सांगायला लागले, तेव्हा त्यांनी मला मध्येच थांबवून आतल्या खोलीत नेले. वर्षाखालच्या बाळांसाठी तिथे दोन लाकडी कॉट आहेत. काकूंनी गादीवर तळहात जोराने दाबला आणि उचलला. गादीवर खळगा राहिला नाही. ‘राहिला, तर ती गादी मोठ्यांची,’ त्या म्हणाल्या. चादरीला चारही कोपऱ्यांत शिंप्याकडून इलॅस्टिक लावून घेतलेले आहे, त्यामुळे ती सुटून तोंडावर येत नाही. कॉटच्या दोन गजांमधले अंतर त्यांनी फूटपट्टीने मोजून घेतले आहे. ते सहा सेंटिमीटरपेक्षा जास्त असू नये, म्हणजे अंग बाहेर जाऊन डोके अडकण्याची शक्यता राहत नाही. कॉटमध्ये उशी नाही, दुपटे नाही, मऊ खेळणे नाही, कडेला लावायचे गुबगुबीत कापडही नाही. पहिल्यांदा पाहताना ती कॉट मला उघडीबोडकी वाटली होती. माझ्या आईने जुन्या साड्यांची शिवलेली गोधडी मी सोबत नेली होती, ती काकूंनी हातात घेऊन टाके निरखले आणि म्हणाल्या, ‘अगं, सुंदर आहे, पण कॉटमध्ये नको. जागी असताना पालथी पडून खेळेल, तेव्हा खाली हीच घालते.’ आज ती गोधडी रोज सकाळी बाहेरच्या खोलीत अंथरली जाते.

सासूबाईंनी डोके गोल व्हावे म्हणून मोहरीची उशी दिली होती, तिचेही असेच झाले. डोके एका बाजूने चपटे होऊ नये म्हणून काकू वेगळा उपाय करतात: एक आठवडा बाळाचे डोके खिडकीकडे, पुढच्या आठवड्यात भिंतीकडे. बाळ दाराच्या दिशेने पाहत राहते, त्यामुळे मान आपोआप दोन्ही बाजूंना वळते. सासूबाईंना हे पटायला महिना लागला, पण पटले. झोळीविषयी मात्र आमच्या घरात अजून थोडी कुरबूर आहे. बाळ रडत असताना मांडीवर, कडेवर, झोळीत शांत करायला हरकत नाही, पण झोप लागली की ते सपाट गादीवर आले पाहिजे, कारण झोळीत हनुवटी छातीला टेकते, श्वासाची वाट अरुंद होते, आणि दोन्ही बाजूंचे कापड नाकाशी येते. गाडीतल्या सीटवर किंवा बाउन्सरमध्ये लागलेल्या झोपेचेही तेच. काकू हा नियम इतका काटेकोर पाळतात की, कारमध्ये झोपलेले बाळ कोणी सीटसकट आणून ठेवले, तर झोपमोड झाली तरी त्या त्याला उचलून कॉटमध्ये घेतात.

प्रवेशाच्या दिवशी त्यांनी आणखी काही गोष्टी सांगितल्या. गळ्यातला काळा दोरा आणि ताईत काढून हवे तर दोरा पायात बांधा. मनगट्यांचे मणी सैल असतील तर त्या घरीच ठेवा. डोक्यावर टोपडे घालून झोपवणार नाही. दुधाची बाटली तोंडात देऊन झोपवणार नाही. मूल दोन्ही बाजूंना स्वतःहून उलटायला लागले, की तसे लिहून द्या. त्यानंतरही ते उताणेच ठेवले जाईल, पण झोपेत स्वतः पालथे पडले तर त्याला परत फिरवले जाणार नाही. डिसेंबरच्या थंडीत पांघरुणाऐवजी हात मोकळे राहतील अशी, अंगात घालायची शिवलेली पिशवी त्या वापरतात. डासांसाठी खिडक्यांना जाळ्या आहेत. कॉइल किंवा उदबत्ती त्या खोलीत लावली जात नाही.

दीड वर्षापुढची चार मुले त्याच खोलीत जमिनीवर झोपतात. प्रत्येकाची गादी वेगळी, मध्ये हातभर मोकळी जागा, आणि एकाचे डोके जिकडे तिकडे शेजारच्याचे पाय, म्हणजे खोकला थेट तोंडावर येत नाही. पडद्यांच्या दोऱ्या वर गुंडाळून खिळ्याला बांधलेल्या आहेत.

मला सर्वांत मोलाची वाटते ती एक साधी दोनशे पानी वही. दुपारी एक ते साडेतीन या वेळात काकू किंवा त्यांच्या मदतनीस मावशी, दोघींपैकी एक जण खोलीतच बसते, आणि दर पंधरा मिनिटांनी प्रत्येक बाळाजवळ जाऊन पाहून वहीत खूण करते. एकदा मी दारातून पाहिले. काकू कॉटवर वाकल्या, छाती वरखाली होते का ते पाहिले, बोटांच्या मागच्या बाजूने मानेला स्पर्श केला, आणि घाम जाणवला म्हणून झबल्याचे वरचे बंद सोडले. हातपाय गार लागले तरी बाळाला थंडी वाजते असे नसते. ऊब मानेला आणि छातीला पाहायची, हे मी तिथेच शिकले. या पाळणाघरात पालकांना मोबाइलवर दिसणारा कॅमेरा नाही, आणि काही जणांना ती उणीव वाटते. मला वाटत नाही. हिंजवडीत मीटिंगमध्ये बसलेली आई पडद्यावर पाहून काही करू शकत नाही, जवळ बसलेली मावशी करू शकते.

दोन तक्रारी आहेत. खोलीला इन्व्हर्टर नाही. एप्रिलमध्ये एका गुरुवारी वीज गेली, तेव्हा मुलांना बाहेरच्या खोलीत आणून झोपवावे लागले, आणि त्या गडबडीत दोन वेळच्या खुणा राहिल्या. वहीत ती जागा कोरी होती आणि संध्याकाळी काकूंनी स्वतःच ती दाखवली, ही गोष्ट वेगळी. पण पुण्याच्या उन्हाळ्यात लहान मुलांच्या खोलीचा पंखा बंद पडता कामा नये, आणि हे मी त्यांना दोनदा सांगितले आहे. दुसरी अडचण पावसाळ्याची. खिडकी शेजारच्या इमारतीच्या भिंतीकडे उघडते, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये गाद्यांना ओलसर वास येतो. आम्ही पालकांनी आळीपाळीने गाद्या आपापल्या गच्चीवर वाळवायला नेल्या, पण कायमचा उपाय झालेला नाही.

सकाळी साडेआठ ते संध्याकाळी साडेसहा या वेळेसाठी आम्ही महिन्याला ९,००० रुपये देतो. जेवण त्यातच आहे, दूध आणि लंगोट आपले. पाहायला जायचे असेल तर काकू मुद्दाम दुपारी दीडनंतर बोलावतात, चपला बाहेर काढायला लावतात आणि हळू बोलायला सांगतात. वर्षाखालची बाळे त्या एका वेळी दोनच घेतात, त्यामुळे रजा संपायच्या निदान तीन महिने आधी त्यांच्याशी बोलून ठेवावे.