मुख्याध्यापकांचं समावेशन शिबिर : वह्या उघडल्या तिथे कामाचं

रत्नागिरी जिल्ह्यात मुख्याध्यापकांसाठी 'सर्वसमावेशक शाळा' या नावाने दोन दिवसांचं शिबिर एक खासगी संस्था घेते. गिऱ्हाईक म्हणजे मोहल्ला, कोळीवाडा, बौद्धवाडी, कुणबीवाडी असं सगळं एकाच पटावर असलेल्या शाळा. आमचं मत आधीच सांगतो : पहिला दिवस पैसे वसूल करून देतो, दुसऱ्या दिवसाची दुपार कापून टाकली तरी चालेल.

पहिल्या दिवशी येताना परिपाठाची वही, हजेरीपट, व्यवस्थापन समितीचं इतिवृत्त आणि वार्षिक नियोजन आणायला सांगतात. ही अट शिबिराचं खरं बळ. लाल पेन घेऊन दोन महिन्यांचा परिपाठ तपासायचा : प्रार्थना कोणत्या, दिनविशेषात कोणाची नावं आली, माईकवर कोणत्या वाडीतली मुलं बोलली. मग इतिवृत्त. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला हव्यात, शिवाय वंचित घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा. संख्या बहुतेक शाळांत भरलेली असते. सह्या कोणाच्या ते पाहिलं की कळतं, सभा देवळाच्या सभामंडपात ठेवली म्हणून मोहल्ल्यातल्या आया आल्याच नाहीत, किंवा शुक्रवारी दुपारी दीडला ठेवली म्हणून बाप नमाजाला गेले. उपाय फुकटचे आहेत : सभा शाळेच्याच वर्गात, वार बदलून. खलाशी पालक हवे असतील तर पहिली सभा जूनमध्येच उरका. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, ऑगस्टला होड्या गेल्या की बाप भेटत नाही.

शिष्यवृत्तीचा भाग तर प्रत्येक शिक्षकाने ऐकावा. यादी वर्गात मोठ्याने वाचली की कोण कोणत्या प्रवर्गातलं ते अख्ख्या वर्गाला कळतं, आणि मधल्या सुट्टीत त्याचं टोपणनाव होतं. फॉर्म पालकांना फोन करून मागवायचा, हजेरीपटावर जातीची खूण ठेवायची नाही. धर्माच्या नावाखाली जात झाकू नका, हे इथे स्पष्ट बोललं जातं, ते आम्हाला आवडलं.

कायद्यात मात्र घोळ घातला. प्रशिक्षकाने राज्यघटनेचं कलम २८ एका फटक्यात सगळ्यांना लावलं. सरकारी पैशावरच चालणाऱ्या जिल्हा परिषदेच्या शाळेत धार्मिक शिक्षण देताच येत नाही, हे २८(१). अनुदानित किंवा मान्यताप्राप्त शाळेत पालकाच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक शिक्षणात भाग घ्यायला किंवा उपासनेला हजर राहायला लावता येत नाही, हे २८(३). खोलीत दोन्ही प्रकारच्या शाळांचे मुख्याध्यापक बसलेले असताना हा फरक फळ्यावर यायलाच हवा होता. व्यवहारात अनुदानित शाळेत 'पालकांची संमती नसेल तर उपासनेला हजर राहणंही ऐच्छिक' अशी सूचना हवी, आणि ती शिक्षकांना लेखी द्यावी लागते.

डब्याच्या सत्रात हसू आलं. छापील नमुना धोरणात 'सर्वांच्या सोयीसाठी शाकाहारी डबा' असं कलम. हे घाटावरच्या कोणीतरी लिहिलं असणार! किनाऱ्यावर सुकट-बोंबील कोळी, मुसलमान, ख्रिस्ती, भंडारी, बौद्ध अशा साऱ्यांच्या घरात शिजतात. असा नियम सोय मूठभरांची करतो आणि बाकीच्यांना डबा लपवायला शिकवतो. जे खात नाहीत त्यांच्यासाठी वेगळी पंगत मांडू नका, फक्त एकमेकांच्या ताटातल्या पदार्थांची अदलाबदल करायला मनाई करा, एवढं बास. रमजानचं टिपण चांगलं आहे : रोजा धरलेल्या मुलांना खिचडी वाटताना व्हरांड्यात बसवून ठेवू नका, वाचनालय उघडा, मैदानावरच्या शर्यतीतून सूट द्या. २०२६ आणि २०२७ मध्ये रमजान फेब्रुवारी-मार्चात, म्हणजे दहावीच्या परीक्षेच्या हंगामात येतो, हे नियोजनात आत्ताच लिहा.

सगळ्यात उपयोगी सराव भांडणाचा. पोरं एकमेकांना धर्मावरून शिवी देतात तेव्हा दोघांचे शब्द त्याच दिवशी, वेगवेगळे बसवून, जसेच्या तसे लिहून घ्यायचे. दुसऱ्या दिवशी पालकांना वेगवेगळं बोलवायचं. परिपाठात माफी मागायला लावायची नाही. बिघडतं कुठे, तर मुख्याध्यापक घाबरून दोन्हीकडची वडीलधारी मंडळी बोलावतात आणि पोरांचं भांडण संध्याकाळपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर गावाचं होतं.

दुसऱ्या दुपारी 'विविधतेत एकता' भाषण आणि वेशभूषा. टोपी, फेटा, क्रॉस घालून फोटो. त्याबद्दल अधिक लिहायला काही नाही. आंब्याच्या बागेत राखणीला येणाऱ्या नेपाळी कुटुंबांची मुलं वर्षाच्या मध्येच आली तर काय करायचं, यावर मात्र एक शब्द नाही. खरं तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १५ प्रमाणे उशिरा आलं म्हणून आणि कलम १४ प्रमाणे वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही.

जाणार असाल तर एकट्याने जाऊ नका, परिपाठ सांभाळणारा शिक्षक सोबत न्या. आणि मे महिन्याची तुकडी घ्या. ऑक्टोबरच्या तुकडीपर्यंत वार्षिक नियोजन छापून झालेलं असतं, मग लाल पेनाचा उपयोग पुढच्या वर्षीच.