वाचन, जुन्या वस्तू की सुईदोरा: रोजच्या निवांतपणासाठी काय धरावं?

गेल्या महिन्याभरात तीन मैत्रिणींनी मला एकच विचारलं, की संध्याकाळी घरी आल्यावर डोकं शांत होईल असं काहीतरी हवंय, मोबाईल नकोय, तर परत वाचन सुरू करू, का जुन्या वस्तू जमवायला लागू, का काहीतरी हाताने करायला घेऊ. आमच्या घरात तिन्ही आहे. वाचन माझं शाळेपासूनचं, जुन्या वस्तूंचा नाद मिस्टरांचा आणि त्यांच्यामुळे थोडा मलाही लागलेला, आणि गोधडी मी सासूबाई गेल्यावर धरली. म्हणून जरा सविस्तरच लिहिते.

सगळ्यात आधी तुम्हाला थकवा कसला आलाय ते बघा, माझ्या मते निवड तिथेच होते. नुसता कंटाळा आलाय, का घराबाहेर पडावंसं वाटतंय, का मनात सारखं काहीतरी घोळतंय आणि थांबत नाहीये? सगळे सांगतात की वाचा, वाचनासारखं सुख नाही. ते खरंच आहे, पण वाचायला मन जाग्यावर लागतं. सासूबाई गेल्या त्यानंतर चारेक महिने मला पुस्तक वाचताच येईना, एकच पान तीनतीनदा वाचायचे आणि शेवटच्या ओळीला आल्यावर वर काय होतं ते आठवायचं नाही, आणि मग आपलं वाचन पण गेलं की काय म्हणून अजूनच रडू यायचं. त्या काळात मला वाचनाने नाही, सुईने सांभाळलं. आता परत रोज रात्री वीस-पंचवीस पानं होतात. म्हणून म्हणते, पुस्तकात मन लागत नसेल तर स्वतःवर जबरदस्ती करू नका, ते आपोआप परत येतं.

पैशाचं बघायचं तर वाचन सगळ्यात स्वस्त, यात वादच नाही. आपल्याकडे वाचनालयांची सोय किती जुनी आहे बघा, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, आणि बऱ्याच तालुक्याच्या गावी एखादं नगर वाचनालय असतंच. डिपॉझिट भरायचं, महिन्याची किरकोळ वर्गणी, आणि पुस्तक नाही आवडलं तर परत करायचं, घरात अडगळ नाही. बऱ्याच ठिकाणी दिवाळी अंकांची वेगळी वर्गणी असते, ती एकदा भरली की पुढचे दोन-तीन महिने अंक बदलून बदलून आणायचे. १९०९ पासून आपल्याकडे दिवाळी अंक निघतायत, आणि ज्यांचं वाचन सुटलंय त्यांनी परत सुरुवात अंकानेच करावी असं मला वाटतं, कारण एक कथा अर्ध्या तासात संपते आणि संपल्याचं समाधान मिळतं. एकदा तरी पाचगणीजवळच्या भिलारला जाऊन या, २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव आहे, लोकांच्या घरात, ओटीवर पुस्तकांची कपाटं आहेत, बसा आणि वाचा, कोणी उठ म्हणत नाही. वाचनात अडचण एकच, डोळे. दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसणाऱ्या माझ्या बहिणीला संध्याकाळी छापील अक्षर नकोच वाटतं, आणि तिचं मला पटतं.

जुन्या वस्तूंचा आनंद वेगळ्या जातीचा. तो शोधण्यात आहे. पुण्यात रविवारी आणि बुधवारी जुना बाजार भरतो, मुंबईला चोर बाजारातली मटण स्ट्रीट आहे (शुक्रवारी तिथली दुकानं बंद असतात, लांबून येणार असाल तर लक्षात ठेवा), आणि तिथे दोन तास फिरलं की हातात काही नसलं तरी माणूस ताजातवाना होऊन घरी येतो. मिस्टर एचएमटीची चावीची घड्याळं जमवतात. जपानच्या सिटिझनच्या मदतीने १९६१ ला ही घड्याळं बनायला लागली आणि २०१६ मध्ये कंपनी बंद करायचा निर्णय झाला, आणि मिस्टर त्याआधीची जुनीच शोधतात. आणि तिथेच फसगत होते. सुरुवातीला एका विक्रेत्याकडून त्यांनी अगदी चकचकीत निळ्या डायलचं घड्याळ आणलं, घरी येऊन उघडलं तर डायल नव्याने रंगवलेली आणि आतलं मशीन दुसऱ्याच घड्याळातलं. चार दिवस त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं. तेव्हापासून आमचा नियम, डायल फार नवीकोरी दिसली की घ्यायचं नाही, आणि पहिलं वर्षभर नुसतं बघायचं, घ्यायचं कमी.

माझा ओढा पितळेकडे. डबे, तांबे, अडकित्ते. चिंच आणि मीठ लावून घासताना काळ्यातून हळूहळू पिवळा रंग वर येतो ना, ते बघत राहावंसं वाटतं, आणि कधीकधी तळाशी कोरलेलं कुणाचंतरी नाव निघतं, लग्नात मिळालेलं भांडं असणार. वापरायला काढणार असाल तर आधी आतून कल्हई करून घ्या, नाहीतर ताक, आमटी सगळं कळकतं. आणि कायद्याचं पण माहीत असू द्या. १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांपेक्षा जुन्या वस्तू पुरावस्तू धरल्या जातात, हस्तलिखितांना ही मर्यादा पंचाहत्तर वर्षांची आहे, त्यातल्या काही प्रकारांची नोंदणी करावी लागते, आणि अशा वस्तू स्वतः देशाबाहेर नेता येत नाहीत. परदेशातल्या मुलांना द्यायला म्हणून जुनी मूर्ती वगैरे घेणाऱ्यांनी हे आधी बघावं.

जमवण्याने दुःख हलकं होतं का, असं कोणी विचारलं तर मी त्यांना पुण्यातल्या केळकर संग्रहालयात घेऊन जाते. दिनकर केळकरांनी गावोगाव फिरून दिवे, कुलपं, अडकित्ते, पाय घासायच्या वज्री असं रोजच्या वापरातलं सगळं गोळा केलं, वीस हजारांच्या वर वस्तू, आणि त्या सगळ्याला लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाचं, राजाचं नाव दिलं. मी तिथल्या दिव्यांसमोर दर वेळी थांबते.

पण रोजचा निवांतपणा म्हणाल तर जमवणं हे रविवारचं काम आहे. रोज बाजार नसतो, रोज खर्च परवडत नाही आणि दोन खोल्यांच्या घरात जागा कुठून आणणार? रोजचं म्हणून त्यात एवढंच, की सकाळी चहा झाला की मिस्टर एकेक घड्याळ घेऊन चावी देतात, कानाला लावून टिकटिक ऐकतात. दहा मिनिटं. त्या दहा मिनिटांत मी त्यांना काही विचारत नाही.

आता हातकाम, आणि इथे मी जरा जास्त बोलणार. सासूबाईंच्या ट्रंकेत सात-आठ सुती लुगडी होती, डांबराच्या गोळ्यांचा वास लागलेली, काही इतकी विरलेली की बोट आरपार दिसायचं. टाकवेनात आणि नेसण्यासारखी नव्हती. शेजारच्या काकूंनी दाखवलं, खाली एक धड लुगडं अंथरायचं, मधे विरलेल्या साड्या, जुनं धोतर, वर परत एक चांगलं, पाण्याचा हात फिरवून सुरकुत्या काढायच्या, मोठे टाके घालून सगळं टाचून घ्यायचं, मग कडेपासून सुरू करून चौकोनात आत आत येत जायचं. टाका एकच, साधा धावदोरा. दोरा फार लांब घ्यायचा नाही, गुंता होतो. बोटात अंगुस्तान, म्हणजे सुई टोचू नये म्हणूनची टोपी, घालायचं. पहिले आठ दिवस टाके वाकडेतिकडे, कुठे मोठा कुठे बारीक, मग एक दिवस लक्षात आलं की हात आपला आपण चाललाय आणि आपण अर्धा तास कशाचाच विचार केलेला नाही. जांभळ्या लुगड्याच्या पदराजवळ एक रफू होता, इतका बारीक की बोट फिरवल्यावरच कळला. सासूबाईंनीच केलेला. तेवढ्या जागेवरून मी टाका नेला नाही, वळसा घालून पुढे गेले.

जूनमध्ये धरलेली गोधडी संक्रांतीला संपली, रोज अर्धा-पाऊण तास. खर्च दोऱ्याचा आणि सुयांचा. गोधडी जड वाटत असेल तर क्रोशा घ्या, एक सुई आणि दोऱ्याची एक गुंडी पर्समध्ये मावते, लोकलमध्ये बसायला मिळालं तर तिथेही होतं, आणि चुकलं तर ओढून उसवता येतं. भरतकाम सुंदर पण बारीक, डोळ्यांना वाचनाइतकाच ताण, म्हणून डोळ्यांसाठी पुस्तक सोडून भरतकामाकडे जाऊ नका. मानेचं दुखणं असेल तर विणकामात सुद्धा वीस मिनिटांनी उठायचं, हे मी दुखून दुखून शिकलेय.

मग धरायचं काय? मनात सारखं काही चालू असेल, झोप नीट लागत नसेल तर माझं मत स्पष्ट आहे, हाताचं काम. मन बरं आहे, फक्त दिवस कोरडा जातोय असं वाटत असेल तर वाचन, आजच वाचनालयात नाव घाला. नुकतेच रिटायर झालेले, घरात बसून कोंडल्यासारखं होणारे, बोलायला माणसं हवी असलेले, त्यांना जुना बाजार, कारण तिथे दोन-तीन रविवार गेलं की ओळखी होतातच, फक्त खिशात ठरलेलेच पैसे नेत जा. आणि दोन गोष्टी जोडता पण येतात, मी संध्याकाळी टाके घालते तेव्हा मुलगी मोठ्याने वाचून दाखवते, दोघींचं काम होतं.

गोधडीच धरायची ठरलं तर सुती साड्याच घ्या, सिंथेटिकमधून सुई नीट जात नाही आणि उबही तशी येत नाही. घरात नसतील तर आई, मावशी, आत्या, सगळ्यांना आजच फोन करा, की दारावर बोहारीण आली तर जुन्या साड्या भांड्यावर घालू नका, माझ्यासाठी ठेवा.