लॅमिंग्टन रोडवर गेमिंग पीसी: कधी घ्यावा, टेबलावर काय तपासावं

स्वस्तात मिळेल एवढ्याच आशेने मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात जाणार असाल, तर आधी घरी बसून भाव बघा. तिथलंच प्राइमएबीजीबी हे दुकान आपले भाव वेबसाइटवर लावतं, कोलकात्याचे एमडी कॉम्प्युटर्स आणि वेदांत कॉम्प्युटर्स देशभर माल पाठवतात, आणि सगळ्यांचा माल मोजक्याच वितरकांकडून येतो. त्यामुळे एखाद्या पार्टमागे सुटले तर थोडेफार पैसे सुटतात. तरीही मधल्या बजेटच्या गेमिंग मशीनसाठी माझी शिफारस ग्रँट रोडचीच आहे. मशीन टेबलावर चालू करून, चांगलं ताणून बघून मग घरी नेता येतं, ही सोय ऑनलाइन खरेदीत नाही.

ऑनलाइन मागवलेले सात डबे घरी जोडले आणि स्क्रीन काळीच राहिली, तर दोष रॅमचा, मदरबोर्डाचा की प्रोसेसरचा हे ओळखायला दुसरी रॅम आणि दुसरा बोर्ड हाताशी लागतो. घरी तो कुणाकडे असतो? दुकानात असतो. असेंब्ली करणारा मुलगा रॅमची दुसरी स्टिक लावून दोन मिनिटांत सांगतो, आणि खराब निघालेला पार्ट त्याच काउंटरवर बदलून मिळतो.

आता कधी घ्यायचा ते. पहिली गोष्ट, पार्ट थोडे थोडे करून घेऊ नका. दिवाळीला कॅबिनेट, बोनसला बोर्ड, पुढच्या पगाराला ग्राफिक्स कार्ड असं केलं की वॉरंटी बिलाच्या तारखेपासून चालू होते आणि बोर्ड मात्र डब्यात न तपासलेला पडून राहतो. दुकानदार काउंटरवर बदलून देतो तो पहिल्या काही दिवसांतच. त्यानंतर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचा रस्ता धरावा लागतो. सगळे पैसे जमल्यावर एकाच दिवशी, शक्यतो एकाच दुकानातून घ्या. तसं केलं की जोडणीचे पैसेही बहुधा लागत नाहीत.

दुसरी गोष्ट रॅम. २०२५ च्या मध्याला ३२ जीबीचं डीडीआर५ (रॅमची नवी पिढी) किट दहा हजारांच्या आसपास होतं. एआय डेटा सेंटरं मेमरी चिप उचलायला लागल्यावर वर्ष संपेपर्यंत भाव दुपटीच्याही वर गेला, आणि डिसेंबरमध्ये चिप बनवणाऱ्या मायक्रॉनने ‘क्रुशियल’ या आपल्या रॅम-एसएसडी ब्रँडचा ग्राहकांसाठीचा धंदाच बंद करत असल्याचं जाहीर केलं. एसएसडीही पाठोपाठ चढल्या. चिपचा नवा कारखाना उभा राहायला वर्षं लागतात, त्यामुळे दोन महिने थांबून हा भाव उतरेल असं धरून चालू नका. बजेट ताणलेलं असेल तर १६ जीबीची एकच स्टिक घ्या. एका स्टिकवर काही गेममध्ये फ्रेम पडतात, विशेषतः गर्दीच्या दृश्यात, पण दुसरी स्टिक नंतर लावता येते. तिचा पूर्ण पार्ट नंबर लिहून ठेवा. वेगळ्या चिपची जोडी ६००० च्या वेगाला टिकेलच असं नाही. ८ जीबीच्या दोन डीडीआर५ स्टिक मात्र टाळा. त्यांच्यात चिप कमी असतात, वेगही मार खातो, आणि पुढे वाढवायच्या वेळी दोन्ही काढून टाकाव्या लागतात.

घरी जुनी १६ जीबी डीडीआर४ पडली असेल तर गणित पूर्ण बदलतं. मग रायझन ५ ५६०० प्रोसेसर आणि बी५५० बोर्ड, किंवा आय५-१२४००एफ आणि डीडीआर४ चालणारा बी७६० बोर्ड घ्या. रॅमचे वाचलेले पैसे कार्डात घाला. इथे एकच सांभाळायचं: बी५५० च्या जागी ए५२० गळ्यात मारून घेऊ नका. ए५२० वर कार्डाचा स्लॉट पीसीआयई ३ चा, म्हणजे जुन्या, हळू पिढीचा असतो, आणि आरटीएक्स ५०६० सारखी कार्डं त्यातल्या आठच लेन (डेटाच्या वाटा) वापरतात. कार्डाची ८ जीबी मेमरी भरली की त्या अरुंद वाटेवर गेम अडखळायला लागतो.

आणि घरी रायझन ५ ३६०० किंवा आय५-१०४०० चं मशीन, समोर ६० हर्ट्झचा फुल एचडी मॉनिटर असेल, तर नवा पीसी घेऊच नका. पॉवर सप्लाय बघा, कार्ड बदला, उरलेल्या पैशांत १४४ हर्ट्झचा मॉनिटर घ्या.

कार्डाचा भाव रास्त आहे का हे ओळखायला सोपा हिशेब आहे. कंपनीने जाहीर केलेली डॉलरमधली किंमत गुणिले त्या दिवसाचा दर, त्यावर १८ टक्के जीएसटी. जून २०२५ मध्ये आलेल्या आरएक्स ९०६० एक्सटी १६ जीबीची किंमत ३४९ डॉलर. ९० रुपयांच्या दराने ते ३७ हजारांना पडतं. एप्रिल २०२५ च्या आरटीएक्स ५०६० टीआय १६ जीबीची ४२९ डॉलर, म्हणजे साडेपंचेचाळीस हजार. सांगितलेला भाव या आकड्याच्या आसपास असेल तर घ्या. कार्ड बाजारात आल्या आल्या पहिल्या आठवड्यांत भाव याच्या बराच वर असू शकतो, तेव्हा थांबा. दिवाळीच्या सेलची वाट मॉनिटरसाठी बघावी; कार्डावर तेव्हा फारसं सुटत नाही.

दिवसही निवडून जा. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, शनिवारी दुपारनंतर गर्दी एवढी की तपासायला कुणाला वेळ नसतो. मंगळवार ते गुरुवार, दुकानं उघडल्यावर लगेच जा. ग्रँट रोडला सगळ्या फास्ट लोकल थांबत नाहीत. मध्य रेल्वेवाल्यांनी दादरला बदलून स्लो पकडावी किंवा सीएसएमटीहून मेट्रो ३ ने थेट ग्रँट रोड गाठावं.

नवीन मशीनसाठी माझी निवड रायझन ५ ७६००. सहा कोर, डब्यातच कूलर, आणि आत छोटं ग्राफिक्स. ७५००एफ स्वस्त पडतो, पण त्यात ग्राफिक्स नाही. कार्ड सर्व्हिसला गेलं की मशीनही बंद. एएमडीने एएम५ सॉकेट (बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा) किमान २०२७ पर्यंत चालवायचं सांगितलं आहे, म्हणून नंतर फक्त प्रोसेसर बदलायची वाट मोकळी राहते. बोर्ड बी६५०एम किंवा बी८५०एम घ्या: व्हीआरएमवर (प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागावर) हीटसिंक, रॅमचे चार स्लॉट आणि मागे बायोस फ्लॅशबॅकचं (बोर्डाचं सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवरून बदलायचं) बटण. ‘तो स्टॉकमध्ये नाही, हा घ्या, सेमच आहे’ म्हणून ए६२०एम पुढे सरकवला जातो. सेम नसतो. ज्यांच्यावर हीटसिंक नसतो ते मे महिन्यातल्या मुंबईच्या खोलीत उगाच तापतात.

पॉवर सप्लायवर दोन हजार वाचवू नका. या मशीनला ६५० वॅट, ८० प्लस ब्राँझ, पाच वर्षांची वॉरंटी असलेला नावाजलेला सप्लाय पुरतो. कॅबिनेटबरोबर फुकट मिळणाऱ्या ‘५०० वॅट’च्या डब्यावरचं स्टिकर वाचा: १२ व्होल्टच्या ओळीत किती अँपिअर लिहिले आहेत ते बघून त्याला १२ ने गुणा. २० अँपिअर लिहिले असतील तर कार्ड आणि प्रोसेसर मिळून हाती २४० वॅट उरतात, आणि एकटं ५०६० टीआय १८० वॅट घेतं. कॅबिनेट पुढून जाळीचं असावं. काचेची पुढची बाजू दिसायला छान, पण हवा जाते कुठून?

जुनी कार्डंही या रस्त्यावर भरपूर मिळतात. ‘आरएक्स ५८० ८ जीबी’ म्हणून विकली जाणारी बरीच कार्डं २०४८एसपी असतात. ती खरं तर ५७० च्या ताकदीची. जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडून शेडरचा (कार्डातल्या छोट्या गणकांचा) आकडा बघा: खऱ्या ५८० मध्ये तो २३०४ असतो. मधल्या बजेटमध्ये या वाटेला न गेलेलंच बरं.

जोडणी चालू असताना टेबलाजवळ उभे राहा. कुणी नको म्हणत नाही, फक्त मध्ये हात घालू नका. रॅम प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये गेली पाहिजे, एकच असेल तर दुसऱ्यात. एसएसडी प्रोसेसरच्या सर्वांत जवळच्या एम.२ स्लॉटमध्ये. सोबतचा कूलर बसवण्याआधी बोर्डावरचे दोन प्लास्टिकचे कंस काढावे लागतात. त्याचे चार स्क्रू कोपऱ्याला कोपरा धरून थोडे थोडे आवळायचे. एक बाजू आधी पूर्ण आवळली की कूलर तिरका बसतो आणि तापमान पंधरा-वीस अंशांनी चढतं. टॉवर कूलर घेतलात तर तळाची पारदर्शक फिल्म सोललेली तुमच्या डोळ्यांनी बघा. ती तशीच राहिलेली मशीनं खरोखर सापडतात. कॅबिनेटचे पुढचे पंखे थेट पॉवर सप्लायच्या मोलेक्स पिनेला जोडू देऊ नका, नाहीतर ते कायम पूर्ण वेगाने घुमतात. बोर्डावरच्या पंख्याच्या पिनांवर घ्यायला सांगा.

पहिल्यांदा चालू केल्यावर डीडीआर५ चं मशीन काही मिनिटं काळी स्क्रीन दाखवू शकतं. बोर्ड तेव्हा रॅमचं ट्रेनिंग करत असतो. घाईने बटण दाबून बंद केलं तर ते पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. चित्र आल्यावर बायोसमध्ये एक्स्पो (रॅमला तिचा पूर्ण वेग देणारी सेटिंग) चालू करून रॅम ६००० दाखवते का बघा. हे राहून गेलं तर महागातली रॅम ४८०० वर चालत राहते आणि मालकाला पत्ताही लागत नाही.

मग खरी परीक्षा. प्रोसेसर ताणणारं सिनेबेंच दहा मिनिटं, कार्ड ताणणारं फरमार्क पंधरा मिनिटं. कॅबिनेटची झाकणं लावूनच, कारण उघड्या मशीनचं तापमान घरी कामाचं नाही. कार्ड ८० अंशांच्या आत आणि प्रोसेसर ९० च्या आत राहिला तर ठीक. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये एसएसडीची हेल्थ १०० टक्के आणि चालू राहिल्याचे तास एक-दोन दिसले पाहिजेत. दीडशे दिसले तर ती कुणीतरी वापरून परत केलेली आहे, लगेच बदलून मागा. एक गोष्ट मात्र इथे तपासता येत नाही: कार्डाची बारीक किणकिण. रस्त्यावरच्या हॉर्नमध्ये ती ऐकूच येत नाही. म्हणून घरी पहिल्याच रात्री खोलीतला पंखा बंद करून ऐका.

विंडोज दुकानातून भरून घेऊ नका. बऱ्याच ठिकाणी अॅक्टिव्हेटर मारलेली, म्हणजे चोरीची प्रत टाकून देतात, आणि त्याबरोबर काय काय येतं याचा नेम नाही. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोज ११ घेऊन घरीच टाका. व्हॅलोरंट खेळणार असाल तर विंडोज ११ वर सिक्युअर बूट आणि टीपीएम २.० या दोन्ही सुरक्षा सेटिंग चालू लागतात. बायोसमध्ये ते आधीच लावा. मॉनिटरची केबल कार्डाला लावा, बोर्डाला नव्हे, आणि डिस्प्ले सेटिंगमध्ये १४४ हर्ट्झ हाताने निवडा. नाहीतर नवा मॉनिटर ६० वरच चालतो.

बिल कच्चं घेऊ नका. जीएसटी बिलावर प्रोसेसर, बोर्ड, कार्ड, सप्लाय आणि एसएसडी यांचे सीरियल नंबर छापून घ्या आणि ते डब्याशी पडताळा. कार्डाच्या डब्यावर भारतातल्या आयातदाराचं स्टिकर नसेल तर ते बाहेरून आणलेलं असू शकतं, आणि इथलं सर्व्हिस सेंटर ते हातात घेणार नाही. ट्रे प्रोसेसरची, म्हणजे सुट्या आलेल्याची, वॉरंटी दुकानदार देईल तेवढीच. बँकेच्या कार्डाने पैसे दिले तर बरेच दुकानदार दोन टक्के वर लावतात; भाव ठरवतानाच ते बोलून घ्या.

घरी नेताना कार्ड कॅबिनेटमधून काढून त्याच्या डब्यात ठेवायला सांगा. टॅक्सीच्या एका दणक्यात स्लॉट वाकू शकतो. संध्याकाळच्या विरार लोकलमध्ये कॅबिनेटचा खोका घेऊन चढायचा विचारही नको.

जुन्या चाळी-इमारतींत सॉकेटला तीन भोकं असली तरी मागे अर्थिंगची वायर नसते. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर दोष बहुधा पीसीचा नसतो. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग आधी करून घ्या. शहरात वीज फारशी जात नाही, पण पावसाळ्यात झटके येतात. ६०० व्हीएचा यूपीएस ३६० वॅटच देतो आणि हे मशीन मॉनिटरसकट गेममध्ये त्याच्या काठावर जातं. घ्यायचाच तर १००० व्हीएचा घ्या.

समुद्राजवळच्या घरांत दमट धूळ पंख्यांना चिकटते आणि ती नुसती फुंकून निघत नाही. पावसाळा संपल्यावर आणि मार्चमध्ये जाळी धुवा, सुकू द्या, आणि ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. पार्टचे डबे मात्र तीन वर्षं टाकू नका. काही सर्व्हिस सेंटरं मूळ डब्याशिवाय कार्ड घेत नाहीत.