कामाच्या गाडीत कुत्र्यासाठी घेतलेला हार्नेस : अकरा महिन्यांच्या वापरानंतर

मी गोव्यातल्या फोंड्यात राहतो आणि घरोघरी जाऊन एसी व फ्रिज दुरुस्तीची कामे करतो. पाच आसनांची ईको गाडी हेच माझे दुकान आहे. तिच्या मागच्या भागात एसी धुण्याचा जेट पंप, गॅसच्या टाक्या, तांब्याच्या नळ्या आणि शिडी असते, तर मधल्या बाकावर भुऱ्या बसतो. भुऱ्या हा साडेतीन वर्षांचा, १७ किलो वजनाचा गावठी कुत्रा. घरी दिवसभर एकटा राहिला की तो दार ओरबाडतो आणि जेवण सोडतो, म्हणून गेली दोन वर्षे तो माझ्याबरोबर कामावर येतो. पहिले वर्षभर मी त्याला गाडीत मोकळाच बसवत असे, आणि ही माझी मोठी चूक होती. गेल्या मार्चअखेरीस फर्मागुडीचा उतार उतरताना अचानक एक गाय आडवी आली आणि मला कचकन ब्रेक दाबावा लागला. गाडी थांबली, पण भुऱ्या थांबला नाही. तो बाकावरून घसरून पुढच्या आसनाच्या पाठीवर आदळला आणि दोन दिवस लंगडत होता. वेग जेमतेम ३० च्या आसपास होता. त्याच आठवड्यात म्हापशाच्या एका दुकानातून मी छातीला बांधायचा हार्नेस आणि गाडीच्या सीटबेल्टला जोडायचा आखूड पट्टा विकत घेतला. हार्नेसला १,६५० रुपये आणि पट्ट्याला ३५० रुपये पडले. कंपनीचे नाव मी देत नाही, कारण पुढे एका दोषाविषयी लिहायचे आहे आणि याच घडणीचे हार्नेस निरनिराळ्या नावांनी सगळीकडे मिळतात.

दुकानदाराने एक गोष्ट चांगली केली. वस्तू पिशवीत घालून देण्यापूर्वी ते स्वतः गाडीपाशी आले आणि हार्नेस भुऱ्याच्या अंगावर चढवून पाहिला. मापासाठी पुढच्या पायांच्या लगेच मागून शिंप्याच्या टेपने छातीचा घेर घ्यायचा असतो. भुऱ्याचा घेर ६४ सेंमी भरला आणि त्याला मधले माप बसले. पट्टी आणि अंग यांच्यामध्ये दोन बोटे सहज जातील इतकीच ढील ठेवावी. त्याहून सैल ठेवल्यास कुत्रा मागे सरकून त्यातून निसटतो आणि घट्ट ठेवल्यास काखेत घासते. पुढची पट्टी आडवी नसून गळ्याखालून दोन्ही पायांच्या मधून खाली जाणारी आहे, त्यामुळे खांदे मोकळे राहतात आणि गाडीत उडी मारून चढताना त्याचा पाय अडखळत नाही. सीटबेल्टचा पट्टा पाठीवरच्या कडीलाच अडकवायचा, गळपट्ट्याला कधीही नाही, कारण ब्रेक लागताच सगळा हिसका मानेवर बसतो. हे मी ठळकपणे सांगतो, कारण रस्त्यात भेटणाऱ्या अनेक गाड्यांत कुत्र्याच्या गळ्यात बांधलेली दोरी थेट आसनाला गुंडाळलेली दिसते.

गाडीतल्या जागेचाही इथे विचार करावा लागतो. ईकोचे इंजिन पुढच्या आसनांच्या खाली असते, त्यामुळे चालकाशेजारची जागा तासाभराच्या फेरीनंतर चांगलीच तापते. भुऱ्याला माझ्याजवळ बसायला आवडते, पण मी त्याला मधल्या बाकावरच बांधतो. पट्टा आखूड ठेवल्याने त्याला बसता येते, आडवे होता येते, मात्र खाली उतरून मागच्या टाक्यांपाशी जाता येत नाही. हा फायदा मला वापरू लागल्यावर कळला आणि माझ्या धंद्यात तो फार मोलाचा आहे. हल्लीच्या अनेक एसींमध्ये भरला जाणारा आर-३२ वायू हवेपेक्षा जड आणि सौम्य ज्वलनशील असतो. टाकीची झडप किंचित जरी गळली तरी तो गाडीच्या तळाशी साचतो आणि तिथली हवा बाजूला सारतो, म्हणजे जमिनीवर झोपलेल्या कुत्र्याच्या नाकापाशीच. टाक्या उभ्या आणि बांधलेल्या असाव्यात आणि काचा उघड्या असाव्यात हे तर आहेच, परंतु कुत्रा बाकावर राहणे हीसुद्धा त्याच काळजीतली एक पायरी आहे.

सीटबेल्टच्या पट्ट्याबाबत मात्र मी पूर्ण समाधानी नाही. त्याचे टोक बेल्टच्या खाचेत खटकन बसते, पण ती खाच सोडवणारे लाल बटण बाकाच्या पातळीवर असते. पहिल्या महिन्यात भुऱ्याने पंजा टेकवून ते दोनदा दाबले आणि कुंडईच्या वळणावर तो मोकळा होऊन माझ्या खांद्यापाशी आला. ज्या पट्ट्याच्या टोकाला खाचेत बसणाऱ्या पत्र्याऐवजी कापडी फास असतो आणि गाडीचा मूळ बेल्ट त्यातून ओवून घ्यावा लागतो, तो घ्यावा. मी नंतर तोच घेतला आणि हा त्रास संपला.

ग्राहकाच्या घरी पोहोचल्यावर या हार्नेसची खरी परीक्षा होते. काम ठरवताना मी फोनवरच सांगतो की माझ्याबरोबर कुत्रा असेल, आणि कोणी नको म्हटले तर त्या दिवशी भुऱ्याला भावाकडे सोडून जातो. पर्वरीतल्या काही इमारतींत सोसायटीचा नियमच आहे, तिथे वाद घालण्याचा प्रश्न येत नाही. मार्दोळजवळच्या एका जुन्या घरात चतुर्थीच्या आधी सर्व्हिसिंगला गेलो होतो. आजींनी दारातच विचारले, “बाबा, तो देवघराकडे येणार नाही ना?” मी म्हटले, “नाही आजी, तो पडवीतच बसेल.” हार्नेसच्या पाठीवरची मूठ धरून मी त्याला तुळशीवृंदावनाला वळसा घालून पडवीत नेले आणि खांबाला बांधले. गळपट्टा असता तर त्याने ओढून ओढून स्वतःचा श्वास कोंडला असता. इथे ताण छातीवर विभागला जातो, म्हणून तो लवकर शांत झाला. निघताना पाहिले तर त्याच्यापुढे करवंटीत पाणी होते आणि आजी दोन पायऱ्यांवर बसून त्याच्याशी बोलत होत्या.

बांधण्याची जागा निवडताना एक नियम मी कधीही मोडत नाही : शिडीला, जेट पंपाला किंवा बाहेरच्या युनिटच्या लोखंडी कोनाला कुत्रा बांधायचा नाही. १७ किलोचा कुत्रा मांजर दिसताच ज्या जोराने झेप घेतो, त्या जोराने शिडीचा पाय सहज सरकतो.

हार्नेसच्या बाजूला चेनचा एक लहान कप्पा आहे. दुकानात मला तो निरुपयोगी वाटला होता, पण त्यात मी भुऱ्याच्या लसीकरणाच्या दाखल्याची लॅमिनेट केलेली प्रत ठेवली आहे. घरात लहान मुले असली की पहिला प्रश्न तोच येतो. गोव्यात २०१४ पासून राज्य सरकार आणि मिशन रेबीज ही संस्था यांनी गावोगावी फिरून कुत्र्यांना लसी टोचल्या आणि २०२१ मध्ये राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले. त्यामागे दरवर्षी न चुकता टोचलेली लस आहे, आणि जो माणूस आपला कुत्रा दुसऱ्याच्या अंगणात नेतो त्याने तो कागद न मागता दाखवावा असे माझे मत आहे. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो, म्हणून त्या लसीची नोंदही त्याच कागदावर आहे.

आता दोष. जूनमध्ये पाऊस सुरू झाला आणि हार्नेसच्या आतला जाड फोम भिजला की दोन-दोन दिवस वाळेना. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात भुऱ्याच्या उजव्या काखेत रुपयाएवढी लाल, ओलसर जागा दिसली, तिथले केस गेले होते आणि हात लावू देत नव्हता. पशुवैद्यांनी मलम दिले आणि दहा दिवस हार्नेस बंद करायला सांगितले; ते दहा दिवस तो घरीच राहिला. गोव्याच्या पावसात फोमचे अस्तर असलेला एकच हार्नेस पुरत नाही. बिनअस्तराचा, जाळीदार कापडाचा घ्यावा, किंवा दोन ठेवून आलटून-पालटून वापरावे आणि गाडीतून उतरल्यावर अंगावरून काढावा.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. मी कळंगुट आणि कांदोळीला बरीच कामे करतो आणि तिथल्या खाऱ्या वाऱ्याने एसीचे बाहेरचे युनिट कसे खाल्ले जाते हे रोज पाहतो. तेच या हार्नेसच्या पाठीवरच्या कडीचे झाले. चकाकणारा मुलामा सप्टेंबरपर्यंत फुगला आणि नखाने खरवडल्यावर खाली तांबूस गंज निघाला. स्टेनलेस म्हणून विकलेली ती कडी साधे लोखंड होती. माझ्या पेटीतल्या लोहचुंबकाला ती घट्ट चिकटली. चांगल्या स्टेनलेस कडीला चुंबक सहसा चिकटत नाही, म्हणून दुकानातच ही परीक्षा करावी. ज्या कडीवर ब्रेकचा सगळा भार येतो ती गंजलेली चालणार नाही.

एक गोष्ट या हार्नेसकडून कोणी अपेक्षू नये. कुत्रा नीट बांधलेला आहे म्हणून त्याला बंद गाडीत सोडून काम करता येईल, असे मुळीच नाही. बाहेर ३२ अंश असताना बंद गाडीत दहा मिनिटांत पारा ४३ च्या घरात आणि अर्ध्या तासात ५० च्या वर जाऊ शकतो, आणि काच चार बोटे उघडी ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकून अंग थंड करतो, आणि आपल्या किनाऱ्यावरच्या दमट हवेत तेही नीट जमत नाही. बांधलेल्या कुत्र्याला तर सावलीकडे सरकण्याचीही सोय उरत नाही. म्हणून सावलीची जागा नसलेले काम असेल तर एप्रिल-मे महिन्यांत मी भुऱ्याला नेतच नाही.

नोव्हेंबरमध्ये मी त्याच घडणीचा, पण बिनअस्तराचा आणि चुंबकाने तपासलेल्या कडीचा दुसरा हार्नेस २,१०० रुपयांना घेतला. गाडीत आता तोच वापरतो आणि दर रविवारी धुताना कडी व शिवण पाहतो. जुन्या हार्नेसची कडी मी बेतीला ट्रॉलरचे सामान विकणाऱ्या दुकानातून आणलेल्या कडीने बदलली आणि फोंड्याच्या बाजारात चप्पल शिवणाऱ्या काकांकडून ती दुहेरी नायलॉन दोऱ्याने शिवून घेतली. हाताने शिवलेल्या कडीवर मी गाडीत विसंबत नाही. तो हार्नेस मागच्या दाराच्या खुंटीला टांगलेला असतो आणि फक्त पडवीत बांधण्यासाठी निघतो.