मांद्र्याचे घर आणि गेलेले २२,००० रुपये

आम्ही डिचोलीला राहतो. सांगलीची थोरली बहीण आणि पुण्याचा भाऊ मुलाबाळांसह मे महिन्यात आमच्याकडे यायचे ठरले, आणि आईने या वेळी एकच इच्छा बोलून दाखवली होती की, चार दिवस समुद्राच्या आवाजात झोपायचे. आम्ही एकूण अकरा जण. हॉटेलाच्या चार खोल्या चार रात्रींसाठी घेणे आमच्यापैकी कोणालाच परवडणारे नव्हते, म्हणून पेडणे तालुक्यात मोरजी, मांद्रे, हरमल या पट्ट्यात स्वयंपाकघरासह एखादे संपूर्ण घर भाड्याने मिळते का, हे पाहण्याचे काम गोव्यात राहणारी म्हणून माझ्याकडे आले. पुढे जे घडले ते मी तपशिलाने लिहीत आहे, कारण आमच्यासारखी हिशेब करून सहलीला निघणारी कुटुंबेच या जाळ्यात अडकत आहेत.

समाजमाध्यमावरील एका पानावर मला मांद्र्याचे एक जुने कौलारू घर दिसले. लाल कोब्याची ओसरी, अंगणात तुळशीवृंदावन आणि ओसरीवर झुकलेली मोहराने भरलेली आंब्याची फांदी. तीन खोल्यांच्या या घराचा दर रात्रीला ४,५०० रुपये सांगितला होता. त्याच भागातल्या तशा घरांना मी चौकशी केली तेव्हा ६,००० ते ७,००० रुपये सांगत होते. फार स्वस्त असते तर मला शंका आली असती. पण गोव्यात खरी महागाई नाताळ आणि नववर्षाच्या दिवसांत असते, मेच्या उन्हात भाडे थोडे उतरणे स्वाभाविक आहे, असे मीच सर्वांना समजावून सांगितले.

दिलेल्या क्रमांकावर बोलणारा माणूस आपल्या बाजूचे, मालवणी वळणाचे मराठी बोलत होता. मला ताई म्हणत होता. आईचे वय विचारून त्याने सांगितले की, त्यांना पायऱ्या नकोत, ओसरीला लागून असलेली खोली त्यांच्यासाठी ठेवतो, तिथे कमोडही आहे. एवढी आस्था दाखवणाऱ्या माणसावर अविश्वास दाखवणे मला त्या वेळी अवघड वाटले. त्याने नकाशावरील खूणही पाठवली आणि ती खूण खऱ्या घराची होती, हे विशेष लक्षात घ्यावे.

चार रात्रींचे १८,००० रुपये होत होते. निम्मी आगाऊ रक्कम, म्हणजे ९,००० रुपये, भावोजींनी सांगलीहून यूपीआयने भरली. पैसे पाठवण्यापूर्वी त्यांच्या पडद्यावर भलत्याच माणसाचे नाव आले होते. त्याबद्दल विचारले असता, ते आमच्या व्यवस्थापकाचे खाते आहे, असे उत्तर मिळाले आणि आम्ही ते मान्य केले. आठवड्याने सामानाच्या मोडतोडीपोटी परत मिळणारी अनामत म्हणून ५,००० रुपये गेले. पोलिसांत पाहुण्यांची नोंद करावी लागते, असे सांगून त्याने चार मोठ्या माणसांच्या आधार कार्डांचे फोटोही मागून घेतले. निघण्याच्या दोन दिवस आधी त्याने कळवले की उरलेले आताच भरल्यास १,००० रुपये सोडतो, तेव्हा भावोजींनी आणखी ८,००० पाठवले. त्यानंतर तासाभरातच त्याचा निरोप आला की शेवटची रक्कम यंत्रणेत नोंदली गेली नाही, तेवढीच पुन्हा पाठवा, दोन्ही मिळून आपोआप परत येतील. ही रक्कम मात्र भावोजींनी दिली नाही. पण तोवर २२,००० रुपये गेलेले होते आणि आम्ही ते गेले असे मानायला तयार नव्हतो.

ताईकडची आणि पुण्याची मंडळी चोर्ला घाटाने आली, आमच्याकडे जेवली आणि दुपारी दोन गाड्यांतून आम्ही म्हापसा, शिवोली करत मांद्र्याला पोहोचलो. घर तेच होते. आंब्याची फांदीही तीच, फक्त आता तिला कैऱ्या लागल्या होत्या. अंगणात चटईवर कोकमाची सोले वाळत घातली होती आणि ओसरीवर एक वृद्ध बाई बसल्या होत्या. आमच्या हातातल्या पिशव्या पाहताच त्या उठल्या आणि आम्ही काही बोलण्याआधीच त्यांनी हात जोडले. हे घर कधीही भाड्याने दिलेले नाही, या हंगामात असे विचारत आलेले तुम्ही तिसरे कुटुंब, असे त्यांनी सांगितले. त्यांनी सर्वांना पाणी दिले, मुलांना आत पंख्याखाली बसवले. त्या माणसाचा फोन बंद होता. आई गाडीतच बसून राहिली आणि मला सारखे म्हणत होती की, जाऊ दे, पैशाचे काय एवढे.

तिथूनच १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर फोन लावला. तिथे पैसे कोणत्या बँकेतून गेले, किती, केव्हा, आणि व्यवहाराचा बारा अंकी संदर्भ क्रमांक हे सर्व विचारतात, म्हणून ते हाताशी ठेवूनच फोन करावा. त्यानंतर सायबर गुन्ह्यांच्या सरकारी संकेतस्थळावर तक्रार पूर्ण करता येते. पहिल्या दोन रकमा केव्हाच पुढच्या खात्यांत वळत्या झाल्या होत्या. शेवटच्या ८,०००पैकी काही रक्कम गोठवली गेली आहे, ती अजून हाती आलेली नाही. संशय आला त्याच रात्री, निदान पुन्हा पैसे मागितले तेव्हा तरी, आम्ही हा फोन केला असता तर अधिक रक्कम अडली असती असे मला वाटते, कारण या प्रकारात पहिले काही तासच महत्त्वाचे असतात. बँकेकडून भरपाईची आशा नव्हती. पिन आम्ही स्वतः घातला होता, त्यामुळे तो व्यवहार आमच्या संमतीचाच धरला जातो. आधारची बायोमेट्रिक माहिती आता चौघांनीही लॉक केली आहे. ओळखपत्र द्यावेच लागले तर शेवटचे चारच अंक दिसणारे मास्क्ड आधार द्यावे, हे मला आधी ठाऊक नव्हते.

सर्वांत जास्त सलते ते हे की, आमच्या घरापासून मांद्रे जेमतेम सव्वा-दीड तासाच्या अंतरावर आहे. एका रविवारी मी आणि यजमान जाऊन आलो असतो तर त्या ओसरीवरच सगळे उलगडले असते. लांबून येणाऱ्यांनी गोव्यातील एखाद्या नातेवाइकाला किंवा ओळखीच्या माणसाला तेवढी तसदी जरूर द्यावी. कोणीच नसेल तर मालकाला व्हिडिओ कॉलवर रस्त्यापासून फाटकापर्यंत आणि तिथून आत चालत यायला सांगावे. ज्याच्याकडे किल्लीच नाही तो कारणे सांगू लागेल. पाहुण्यांना खोल्या देणाऱ्यांना १९८२च्या कायद्याप्रमाणे गोव्याच्या पर्यटन खात्याकडे नोंदणी करावी लागते, तेव्हा तो क्रमांक मागून खात्याकडे विचारावा. मी विचारला होता, त्याने अक्षरे न लागणारा एक फोटो पाठवला आणि मी पुढे काही विचारले नाही. फोटोवरून शोध घेण्याची सोय मोबाइलमध्ये असते. ती मी घरी परतल्यावर वापरली, तेव्हा तीच ओसरी आणखी दोन नावांनी समोर आली.

त्या रात्री अकरा जण आमच्याच घरी दाटीवाटीने झोपलो. दुसऱ्या दिवशी फोंडा तालुक्यातील एका देवस्थानाच्या अग्रशाळेत साध्या, स्वच्छ खोल्या मिळाल्या आणि आईला संध्याकाळी मिरामारला नेऊन आणले. गोवा पर्यटन विकास महामंडळाची निवासस्थाने पणजी, म्हापसा, कळंगुट, कोलवा, फर्मागुडी अशा ठिकाणी आहेत. त्यांची चौकशी मी मार्चमध्येच करायला हवी होती, ती आता पुढच्या वर्षासाठी करून ठेवत आहे.

गेल्या आठवड्यात तेच घर नव्या नावाच्या पानावर पुन्हा दिसले. मी त्या पानाची तक्रार केली आहे आणि त्या वृद्ध बाईंनाही कळवले आहे. फोटोत मोहराने भरलेली तीच फांदी आहे, क्रमांक वेगळा आहे आणि दर आता रात्रीला ४,२०० रुपये लिहिला आहे.