ऑनलाइन ब्लॅकजॅकची शिकवणी: नियम चोख, पैजेचा हिशेब मात्र आपला आपण

लहानपणी गौरीच्या जागरणात आणि मे महिन्याच्या दुपारी मेंढीकोट, बदाम सात आणि रमी खेळून हात बसलेला असल्यामुळे पत्त्यांचा कोणताही खेळ आपल्याला अर्ध्या तासात येईल, असा माझा समज होता. न्यू जर्सीत राहायला आल्यावर पाहुण्यांना दाखवायला म्हणून अटलांटिक सिटीच्या कॅसिनोंत मी कितीदा तरी गेलो, ब्लॅकजॅकच्या टेबलामागे उभा राहिलो आणि न खेळताच परतलो. तिथे चुकीच्या वेळी पान मागितले की शेजारी बसलेली मंडळी ज्या नजरेने पाहतात, ती सोसण्याची माझी तयारी नव्हती. शेवटी या राज्यात परवाना असलेल्या एका ऑनलाइन कॅसिनोच्या ब्लॅकजॅक विभागात गेले सात आठवडे मी हा खेळ शिकलो. त्या शिकवणीचे हे परीक्षण आहे. सेवेचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे तिच्याबद्दल एक तक्रार आहे आणि ती केवळ माझ्या अनुभवाच्या बळावर केलेली आहे.

आधी कायद्याचे सांगून टाकतो. न्यू जर्सीत ऑनलाइन कॅसिनो २०१३ पासून कायदेशीर आहेत. खेळणाऱ्याचे वय २१ पूर्ण असावे लागते आणि खेळताना तो राज्याच्या हद्दीतच असावा लागतो. ही अट कागदावरची नाही. एका रविवारी फिलाडेल्फियाला जाताना गाडी बायको चालवत होती आणि मी शेजारी बसून सरावाचे डाव खेळत होतो. डेलावेअर नदीवरचा पूल ओलांडला आणि काही क्षणांत टेबल बंद झाल्याची सूचना आली. भारतातल्या वाचकांसाठी परिस्थिती वेगळी आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, बंदी घातली आहे. त्यामुळे पैशांच्या टेबलांबद्दल पुढे जे लिहिले आहे ते तिथे करून पाहण्यासाठी नाही. मात्र टेबलावर छापलेले दर कसे वाचावेत, हा भाग गोव्याला मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटींवर जाणाऱ्या पर्यटकालाही उपयोगी पडावा.

नियम शिकवण्याचे काम ही सेवा मन लावून करते. खाते उघडल्यावर सरावाच्या टेबलावर खोटे हजार डॉलर मिळतात आणि पहिले दहा डाव एक मदतनीस खिडकी प्रत्येक पायरी समजावून सांगते. दुर्रीपासून दश्शीपर्यंतच्या पानांची किंमत त्यांच्या आकड्याइतकी, गुलाम, राणी आणि राजा प्रत्येकी दहाचे, आणि एक्का सोयीप्रमाणे एकचा किंवा अकराचा. आपली लढत इतर भिडूंशी नसून फक्त डीलरशी, म्हणजे कॅसिनोतर्फे पाने वाटणाऱ्याशी असते; एकवीसच्या वर न जाता त्याच्यापेक्षा मोठी बेरीज करायची. आपल्या पानांची बेरीज एकवीसच्या वर गेली की डाव तिथेच बुडतो, मग पुढे डीलरही बुडाला तरी आपले पैसे परत मिळत नाहीत. कॅसिनोची सारी कमाई या एका क्रमात दडलेली आहे, आणि मदतनीस खिडकीने ही गोष्ट पहिल्याच डावाला सांगितली, याचे मला कौतुक वाटले. डीलरला मर्जी चालवता येत नाही. सोळापर्यंत त्याने पान घ्यायचेच आणि सतरा झाले की थांबायचे. एक्का अकराचा धरून झालेल्या सतरावर थांबायचे की आणखी एक पान घ्यायचे, हे मात्र टेबलागणिक बदलते. डीलरने पान घेतले तर खेळणाऱ्याचे थोडे नुकसानच होते.

खरी शिकवणी सुरू होते ती अवघड हातांपासून. आपल्याकडे दश्शी आणि छक्की मिळून सोळा आहेत आणि डीलरचे उघडे पान राजा आहे, असा डाव घ्या. पान घेतले तर तेरापैकी आठ प्रकारची पाने आपल्याला बुडवतात. न घ्यावे तर डीलर बहुतेक वेळा सतराच्या पुढे जाऊन बसतो. दोन्हीकडे हारच दिसते, पण गणिताने पाहिले तर पान घेणे किंचित कमी वाईट ठरते, आणि टेबलावर निम्मे पैसे सोडून डाव टाकण्याची सोय असेल तर ते त्याहून बरे. सेवेतला ‘सल्ला’ दाखवणारा पर्याय सुरू ठेवला की चुकीचे बटण दाबल्यावर पडद्याच्या कडेला बरोबर चाल पिवळ्या अक्षरांत येते. माझी सर्वांत हट्टी चूक एक्का आणि सत्तीच्या हाताची होती. अठरा झाले म्हटल्यावर हात आपसूक थांबतो, पण समोर नव्वी, दहाचे पान किंवा एक्का असेल तर पान घ्यायचे असते, कारण एक्का एकचा धरता येत असल्याने लगेच बुडण्याची भीती नसते. हे पटायला मला दोन आठवडे लागले. बारावर डीलरच्या चौकी, पंजी किंवा छक्कीसमोर थांबायचे आणि दुर्री-तिर्रीसमोर मात्र पान घ्यायचे, यातला बारकावाही असाच डोळ्यांना खुपत राहतो.

या चाली कुणा जुगाऱ्याच्या अनुभवातून आलेल्या नाहीत. अमेरिकी सैन्यात नोकरीला असलेल्या बाल्डविन, कँटी, मायझेल आणि मॅकडरमॉट या चौघांनी मेरीलँडमधल्या आपल्या तळावर, संगणकाविना, टेबलावरच्या आकडेयंत्रांवर हिशेब करून त्या काढल्या आणि १९५६ मध्ये अमेरिकेतल्या संख्याशास्त्राच्या नियतकालिकात प्रसिद्ध केल्या. त्या नीट पाळल्या आणि टेबलाचे नियम चांगले असले, तर कॅसिनोची सरशी, म्हणजे लावलेल्या पैशांतला सरासरी त्याच्याकडे जाणारा वाटा, जेमतेम अर्ध्या टक्क्यावर येते. पाने मोजण्याचा, म्हणजे पडून गेलेली पाने लक्षात ठेवून उरलेल्यांचा अंदाज बांधण्याचा बहुचर्चित उपाय इथे कामाचा नाही, कारण संगणकाच्या टेबलावर प्रत्येक डावानंतर सगळी पाने नव्याने पिसली जातात.

इथवर मी या सेवेला पाचपैकी पाच तारे दिले असते. पैसे लावायला बसलो आणि तिथून मामला बदलला.

सराव संपल्यावर मी साहजिकच सर्वांत स्वस्त, म्हणजे पाच डॉलरचे टेबल निवडले. चार दिवस तिथे बरे-वाईट खेळलो. पाचव्या दिवशी मला इस्पिकचा एक्का आणि बदामचा राजा अशी पहिलीच दोन पाने आली, पडद्यावर सोनेरी कागदाचे तुकडे उडाले, आणि खात्यात सहा डॉलरची भर पडली. सरावाच्या टेबलावर अशा वेळी लावलेल्या रकमेच्या दीडपट मिळत असे, म्हणजे पाचाला साडेसात. मी तक्रार विभागाला लिहिले, तेव्हा अत्यंत नम्र भाषेत उत्तर आले की या टेबलावर पाचाला सहा हाच दर असून तो माहितीच्या पानावर नमूद आहे. तो नमूद होता, हे खरे. कोपऱ्यातले छोटे चिन्ह दाबून तिसऱ्या पानापर्यंत खाली गेलो तेव्हा दिसला. टेबलाच्या हिरव्या कापडावरही तो कमानीच्या आकारात छापलेला होता, पण त्यावर पैजेची गोल चिन्हे येऊन बसत. ज्या सरावाच्या टेबलावर शिष्य तयार करायचा त्यावर दीडपटीचा नियम, आणि ज्या टेबलावर नवशिका हमखास जाऊन बसणार त्यावर सव्वापटीपेक्षाही कमी, ही मांडणी मला मुळीच सरळ वाटली नाही.

दीड डॉलरसाठी एवढा त्रागा कशाला, असे वाटू शकेल, म्हणून हिशेब मांडतो. दोन पानांत एकवीस होण्याचा योग साधारण एकवीस डावांत एकदा येतो. दहा डॉलर लावणाऱ्याला त्या एका डावात पंधराऐवजी बारा मिळाले, तर एकवीस डावांत लावलेल्या २१० डॉलरवर तीन डॉलर कमी पडले, म्हणजे सुमारे १.४ टक्के. मूळच्या अर्ध्या टक्क्यात हे मिळवले की कॅसिनोची सरशी जवळजवळ चौपट होते. पाच डॉलरच्या त्या टेबलावर प्रत्येक डावामागे सरासरी साडेनऊ सेंट जातात, तर दीडपट देणाऱ्या दहा डॉलरच्या टेबलावर पाच सेंट. स्वस्त दिसणारे टेबल प्रत्यक्षात महाग आहे, हे मदतनीस खिडकीने एका वाक्यात सांगता आले असते. मोठ्या रकमेच्या टेबलावर एका बैठकीतला चढउतार अधिक असतो, हे मान्य करूनही मी आता तिथेच बसतो आणि कमी डाव खेळतो.

विम्याची पैज हा दुसरा खड्डा. डीलरचे उघडे पान एक्का असले की पडदा काळोखा होतो आणि ‘विमा घेता का?’ असा प्रश्न मोठ्या अक्षरांत विचारला जातो. विमा या शब्दाला आपल्याकडे शहाणपणाचा वास आहे, त्यामुळे पहिले काही दिवस मी तो निमूटपणे घेत होतो. डीलरचे पालथे पान दहाचे असेल तर या पैजेवर दुप्पट मिळते. पण तेरा प्रकारच्या पानांपैकी दहाची चारच, म्हणजे तेरा वेळा एकेक डॉलर लावला तर चारदा दोन-दोन मिळून आठ येणार आणि नऊदा एकेक जाणार; तेरा डॉलरमागे एक डॉलर कायमचा गेला. सल्ल्याचा पर्याय इथे बरोबर उत्तर देतो, पण प्रश्नाच्या खिडकीआड तो झाकला जातो.

बाजूच्या पैजांबद्दल सेवा अगदीच मौन पाळते. आपल्या पहिल्या दोन पानांची जोड जमेल यावर पैसे लावण्याची सोय सर्वांत लोकप्रिय दिसते, कारण तंतोतंत एकसारखी पाने आली तर पंचवीसपट, एका रंगाची जोड आली तर बारापट आणि वेगळ्या रंगाची आली तर सहापट मिळते. सहा कॅट पिसलेले असताना पहिल्या पानानंतर ३११ पाने उरतात. त्यांपैकी पंचवीसपट देणारी पाच, बारापट देणारी सहा आणि सहापट देणारी बारा. मिळकत २६९, बुडीत २८८. म्हणजे सरशी सहा टक्क्यांहून जास्त, मुख्य डावाच्या बारापट. मुलाच्या गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर हा हिशेब केला तेव्हा बायकोने ‘शाळेत एवढा अभ्यास केला असतात तर’ असे म्हटले, आणि माझ्याकडे त्यावर उत्तर नव्हते.

हरलो की पुढची पैज दुप्पट करायची, ही दामदुपटीची युक्ती आमच्या ओळखीतल्या एका गृहस्थांनी खात्रीने सांगितली होती. दहापासून सुरुवात केली आणि सहा डाव ओळीने गेले, तर ६३० डॉलर बुडालेले असतात आणि सातव्यासाठी ६४० लागतात. माझ्या टेबलाची कमाल मर्यादा ५०० आहे. बरोबरीचे डाव सोडले तर ओळीने सहा हारण्याचा योग पन्नासांत एकदा तरी येतो, आणि संगणकाच्या टेबलावर तासाला दोनशे डाव सहज होतात. ही युक्ती मी खोट्या डॉलरांवरच करून पाहिली आणि तिसऱ्या संध्याकाळी हजार डॉलर संपले.

स्वागताच्या बक्षिसाचा मोहही असाच तपासून घ्यावा. मला शंभर डॉलर देऊ केले होते आणि ते काढता यावेत म्हणून वीसपट रकमेच्या पैजा लावण्याची अट होती, पण ब्लॅकजॅकवरची पैज त्यात दहा टक्केच मोजली जात होती. दोन हजारांचे वीस हजार झाले. मी बक्षीस नाकारले.

खऱ्या डीलरच्या टेबलाबद्दल मात्र चांगलेच लिहावे लागेल. पंधरा डॉलरपासून सुरू होणाऱ्या या टेबलावर माणूस समोर पाने वाटतो, दर दीडपटीचा आहे, चित्र एकदाही अडखळले नाही आणि निर्णयासाठी पुरेसा वेळ मिळतो. तासाला साठ-सत्तरच डाव होतात, त्यामुळे पैसेही सावकाश जातात. एका संध्याकाळी मी दोन दश्शा फोडून वेगळे डाव मांडले, तेव्हा डीलर बाई क्षणभर थांबल्या आणि हसल्या. वीस झालेला हात फोडू नये, हे मला पडद्यावरच्या सल्ल्यापेक्षा त्या हसण्याने जास्त पक्के शिकवले. एक्के आणि अठ्ठ्या मात्र नेहमी फोडाव्यात.

पैसे काढण्याची विनंती दोन दिवसांत पूर्ण झाली. महिन्याला शंभर डॉलरची मर्यादा मी पहिल्याच दिवशी घातली होती आणि सात आठवड्यांत एकूण बासष्ट डॉलर गेले, त्यांपैकी बहुतेक त्या पाच डॉलरच्या टेबलावर आणि विम्यात. शिकवणीला पाचपैकी चार तारे, पैजांची किंमत सांगण्याच्या प्रामाणिकपणाला दीड. मर्यादेच्या सोयीला पूर्ण पाच देतो: ती कमी केली तर त्याच क्षणी लागू होते, पण वाढवली तर आधीची मुदत संपेपर्यंत थांबावे लागते. दोन्ही मी करून पाहिले आहे, आणि दुसऱ्या वेळी रात्रीचे दीड वाजले होते.