जुन्या शिडाच्या बोटीवर लिथियम बॅटऱ्या: पूर्ण हंगाम वापरल्यानंतर

आमची शिडाची बोट १९८०च्या दशकात बांधलेली, फायबरग्लासची आणि सुमारे साडेदहा मीटर लांबीची आहे. तिच्यावरील दिवे, फ्रीज, ऑटोपायलट आणि इतर उपकरणे चालवणाऱ्या लेड-ॲसिड बॅटऱ्या काढून त्या जागी लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटऱ्या बसवल्या, त्याला आता एक पूर्ण हंगाम होऊन गेला. या काळात बोट बहुतेक नांगरावरच होती आणि किनाऱ्यावरील विजेची जोडणी क्वचितच मिळाली, त्यामुळे बॅटऱ्यांची परीक्षा बऱ्यापैकी कसून झाली असे म्हणता येईल. बॅटऱ्यांबद्दल माझी तक्रार नाही. मात्र खर्चाचा, वेळेचा आणि डोकेदुखीचा मोठा भाग बॅटऱ्यांवर नव्हे, तर त्यांच्या भोवतालच्या जुन्या विद्युत व्यवस्थेवर गेला, आणि ‘जुनी काढा, नवी बसवा’ या जाहिरातींमध्ये नेमका हाच भाग गाळलेला असतो.

पूर्वी १०० ॲम्पिअर-अवरच्या (बॅटरीत किती वीज साठते त्याचे माप; एक ॲम्पिअर प्रवाह एक तास म्हणजे एक ॲम्पिअर-अवर) चार बॅटऱ्या होत्या. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली वारंवार उतरवली की तिचे आयुष्य झपाट्याने घटते, म्हणून ४०० पैकी हाताशी येत ते २००च. आता १०० ॲम्पिअर-अवरच्या तीन लिथियम बॅटऱ्या आहेत आणि त्यांतील ८० टक्के, म्हणजे २४०, निर्धास्तपणे वापरता येतात. वजन सुमारे १२० किलोवरून ४० किलोच्या आत आले. याचा एक परिणाम कोणीही आधी सांगितला नव्हता: बॅटऱ्या डाव्या बाकाखाली असल्यामुळे तेवढे वजन उतरताच बोट किंचित उजवीकडे कलली आणि न्हाणीतील पाणी निचऱ्याच्या भोकाकडे जाण्याऐवजी कोपऱ्यात साचू लागले. अवजारांची पेटी आणि सुटे भाग डावीकडे हलवल्यावर ते थांबले.

खरा फायदा क्षमतेपेक्षा चार्जिंगमध्ये जाणवतो. लेड-ॲसिड बॅटरी ८० टक्क्यांच्या पुढे गेली की विद्युतप्रवाह घ्यायला कुरकुरते. शेवटचे २० टक्के भरायला कित्येक तास लागतात, आणि ते न भरताच ती तशी ठेवत गेलो तर पत्र्यांवर सल्फेट साचून ती कायमची अधू होते. नांगरावर राहणाऱ्या बोटीत नेमके हेच घडत असते. लिथियम बॅटरी जवळजवळ पूर्ण भरेपर्यंत मिळेल तेवढा प्रवाह घेते आणि अर्धवट भरलेली राहिली तरी तिचे काही बिघडत नाही. आमचा रोजचा खर्च साधारण १०० ॲम्पिअर-अवर आहे, त्यातला निम्म्याहून अधिक एकट्या फ्रीजचा. निरभ्र दिवशी ३०० वॉटची सोलर पॅनेल तो जेमतेम भरून काढतात, आणि ढगाळ हवेचे दोन दिवस बॅटऱ्या ओढून नेतात. केवळ चार्जिंगसाठी सकाळी इंजिन लावण्याची सवय त्यामुळे सुटली.

आता त्या भोवतालच्या व्यवस्थेविषयी. जुन्या वायरी कथिलाचा मुलामा नसलेल्या साध्या तांब्याच्या होत्या. फ्रीजच्या वायरीचे टोक सोलले तर आतले तांबे काळे निघाले. वीतभर मागे सोलले तरी काळेच. खारट ओल वेष्टनाच्या आतून तारांवाटे चढत गेली होती. बॅटरीपाशी १२.९ व्होल्ट असताना फ्रीजच्या टोकाशी १२.१ मिळत होते, म्हणजे सहा टक्क्यांहून अधिक घट. मुलामा असलेली, अधिक जाडीची वायर टाकल्यावर घट ०.३ व्होल्टवर आली आणि कॉम्प्रेसर अडखळत सुरू होण्याचा प्रकार थांबला. एवढे काम जुन्या बॅटऱ्या ठेवूनही करण्यासारखे होते, किंबहुना ज्यांचे बजेट तोकडे आहे त्यांनी आधी हेच करावे.

अल्टरनेटरचा प्रश्न अधिक गंभीर आहे. इंजिनाबरोबर आलेला ५० ॲम्पिअरचा अल्टरनेटर लेड-ॲसिडसाठी बनवलेला असतो; बॅटरी भरत जाईल तसा त्याच्यावरचा भार उतरेल, असे त्यात गृहीत धरलेले असते. लिथियम बॅटरी तासन्‌तास पूर्ण प्रवाह खेचत राहते, आणि इंजिन संथ फिरत असेल तर अल्टरनेटरचा पंखाही संथच फिरतो, त्यामुळे तो तापून जळू शकतो. शिवाय चार्जिंग चालू असताना बॅटरीतील बीएमएसने, म्हणजे संरक्षक सर्किटने, जोडणी अचानक तोडली तर व्होल्टेज उसळून अल्टरनेटरचे डायोड उडतात. म्हणून आम्ही अल्टरनेटर इंजिनाच्या लेड-ॲसिड बॅटरीलाच जोडलेला ठेवला आणि तेथून ३० ॲम्पिअरच्या डीसी-डीसी चार्जरमार्फत, म्हणजे एका बॅटरीतून दुसरीकडे ठरावीक मर्यादेतच प्रवाह जाऊ देणाऱ्या उपकरणामार्फत, लिथियमकडे वीज नेली. यात तोटा असा की वारा पडलेल्या दिवशी तासभर इंजिन चालवूनही जेमतेम ३० ॲम्पिअर-अवर मिळतात. मला तो पत्करण्याजोगा वाटतो. फ्यूजच्या बाबतीत मात्र तडजोड नको: शॉर्ट सर्किट झाल्यास या बॅटऱ्या हजारो ॲम्पिअर सोडू शकतात, आणि साधा फ्यूज वितळला तरी त्यातील ठिणगी पेटतीच राहण्याचा धोका असतो. २०,००० ॲम्पिअरपर्यंतचा प्रवाह तोडू शकणारा क्लास-टी फ्यूज बॅटरीलगत हवाच. किनाऱ्यावरील विजेवर चालणारा जुना चार्जरही बदलावा लागला, कारण त्यातील इक्वलायझेशनची, म्हणजे लेड-ॲसिड बॅटरीला मुद्दाम जास्त व्होल्टेज देण्याची, पायरी १५ व्होल्टच्या वर जात असे. या बॅटऱ्यांना १४.२ ते १४.४ पुरतात.

वापरात खटकलेली पहिली गोष्ट म्हणजे बॅटरी किती भरली आहे हे व्होल्टमीटर पाहून कळत नाही; ८० टक्के आणि ४० टक्के यांतला फरक एक-दोन दशांश व्होल्टचाच असतो. त्यासाठी शंट (प्रवाह मोजण्यासाठी वायरीच्या वाटेत बसवलेला अचूक रोध) असलेला मॉनिटर घेतला, पण तो आत-बाहेर जाणारा प्रवाह मोजून हिशेब ठेवतो, आणि बरेच दिवस पूर्ण चार्जिंग झाले नाही तर तो हिशेब हळूहळू चुकत जातो. दुसरी गोष्ट अधिक त्रासदायक निघाली. समांतर जोडलेल्या तीन बॅटऱ्यांपैकी एकीच्या बीएमएसने स्वतःला गुपचूप बंद करून घेतले होते. दिवे लागत होते, फ्रीज चालत होता, मॉनिटर समाधानकारक आकडे दाखवत होता. फक्त वीज लवकर संपत होती. प्रत्येक बॅटरीच्या वायरीवर क्लॅम्प मीटर, म्हणजे वायरीभोवती चिमट्यासारखे लावून प्रवाह मोजणारे उपकरण, लावल्यावर एकीतून शून्य प्रवाह दिसला. तेव्हापासून ही तपासणी इंजिन ऑइल पाहण्याइतकीच नियमित करतो.

इन्व्हर्टर सुरू केला की ऑटोपायलटची दिशा काही अंशांनी सरके, हे कोडे तर बॅटऱ्यांशी संबंधित आहे असे सुरुवातीला वाटलेच नव्हते. इन्व्हर्टरच्या धन आणि ऋण वायरी वेगवेगळ्या मार्गांनी ऑटोपायलटच्या होकायंत्राजवळून जात होत्या. दोन्ही एकत्र बांधून नेल्यावर त्यांची चुंबकीय क्षेत्रे एकमेकांना जवळजवळ रद्द करतात आणि सरकणे बंद होते.

जे लोक शनिवार-रविवार फिरून मरिनात, म्हणजे बोटी बांधून ठेवण्याच्या बंदरात, परततात आणि बोट कायम चार्जरला जोडून ठेवतात, त्यांना चांगल्या लेड-ॲसिड बॅटऱ्या पुरेशा आहेत. हा सगळा खटाटोप नांगरावर आठवडेच्या आठवडे राहणाऱ्यांसाठी आहे. त्यांनीही सगळी भिस्त लिथियमवर ठेवू नये, कारण बीएमएसने जोडणी तोडली तर रात्रीच्या प्रवासात बोट एका क्षणात अंधारात जाते. आमच्याकडे नेव्हिगेशन दिवे आणि व्हीएचएफ रेडिओ एका स्विचने इंजिनाच्या बॅटरीवर घेता येतात. बोटीच्या तळाशी साचलेले पाणी बाहेर फेकणारा बिल्ज पंप तर कायमचाच तिच्यावर जोडला आहे, आणि बोट बंद असते त्या महिन्यांत एक छोटे स्वतंत्र सोलर पॅनेल तिला भरलेली ठेवते; लिथियम बॅटऱ्या त्या वेळी निम्म्यावर आणून सर्व जोडण्यांपासून वेगळ्या केलेल्या असतात.